गुरुवारी खालचं वर

मी रॅक बोलतोय. किराणा मालाच्या एका मोठ्या दुकानातला, सातव्या ओळीत डाव्या हाताचा. तुम्ही माझ्यासमोर उभे राहिला असाल, पण मला पाहिलं नसेल. त्यात तुमची चूक नाही. मी दिसू नये आणि माझ्यावरचं तेवढं दिसावं, अशाच बेतानं मला बनवलं आहे.

सांगायला सुरुवात केली खरी, पण हे सांगायचा मला अधिकार आहे का, याचा निर्णय अजून होत नाही. जे घडलं ते माझ्या अंगावर घडलं. मी काही केलं नाही. पण 'मी काही केलं नाही' हे वाक्य मी माझ्यासमोर इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे, की स्वतःबद्दल ते वापरताना संकोच वाटतो.

माझा जन्म पत्र्याचा. कारखान्यात पत्रा कापला, वाकवला, राखाडी रंग देऊन भट्टीत भाजला. दोन उभे खांब, त्यांना बोटभर अंतरावर भोकं, आणि पाच फळ्या. फळी उचलायची आणि वरच्या भोकात अडकवायची, नाहीतर खालच्या. दोन मिनिटांचं काम. माझ्यात कायमचं असं काहीच नाही, हाच माझा गुण म्हणून कारखान्याच्या पत्रकात छापला होता.

आधी मी एका छोट्या दुकानात होतो. गिऱ्हाईक बाहेर, दुकानदार मधे आणि मी त्याच्या पाठीमागे भिंतीला. माणसं माझ्याकडे बघायचीच नाहीत, दुकानदाराच्या तोंडाकडे बघायची. "चांगलं कुठलं?" असं विचारायची आणि तो सांगायचा. "हे नका नेऊ, मागच्या महिन्यातलं आहे," असंही सांगायचा. त्या दिवसांबद्दल गहिवरून बोलायचा मला मोह होतो, पण ते खरं होणार नाही. जी म्हातारी त्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकायची, तिलाच तो जुना माल बांधून द्यायचा. जिची जीभ तिखट, तिला ताजा. म्हणजे निवड तिथंही गिऱ्हाइकाची नव्हतीच. एवढंच की फसवणाऱ्याला चेहरा होता आणि त्याच्याशी भांडता येत होतं.

ते दुकान बंद पडलं. मला पुन्हा रंग फासून इथं आणून उभं केलं. इथं मधे दुकानदार नाही. त्याची जागा माझ्याकडे आली, तोंड मात्र आलं नाही.

इथल्या मॅनेजरच्या खिशात कायम एक गुंडाळी होणारी मोजपट्टी असायची, म्हणून कामगार पाठीमागे त्याला 'मोजपट्टी'च म्हणत. मी उभा राहिलो त्या दिवशी त्यानं ती माझ्या अंगाला लावली आणि नव्या माणसांना शिकवायला सुरुवात केली.

"ही चौथी फळी बघा. माणसाच्या डोळ्यांसमोर येते. इथं जे ठेवाल ते जातं. कंपन्या या फळीचं भाडं देतात, उगाच नाही. दुसरी फळी पोरांच्या डोळ्यांची. आणि ही तळाची, इथं जे ठेवावंच लागतं पण विकायची घाई नाही, ते."

"आणि सगळ्यात वरची, साहेब?"

"ती उंच लोकांना आणि धुळीला."

सगळे हसले. मीही हसलो असेन. माझं सगळं शिक्षण हे असंच, माझ्यासमोर उभं राहून बोललेल्या लोकांकडून झालं. त्यात किती खरं, किती फुशारकीचं, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. पण पुढं जे डोळ्यांनी पाहिलं, त्यानं मोजपट्टी खोटा पडला नाही.

दूध सगळ्यात शेवटच्या भिंतीला आहे. दूध तर प्रत्येकाला लागतं, तेव्हा प्रत्येकाला सगळं दुकान चालून जावं लागतं. दारातच पाव भाजायची भट्टी आहे. तिचा वास आत शिरणाऱ्याच्या पोटात आधी पोचतो आणि भूक नसलेल्याला भूक लागते. गाणी अशी लावतात, की पाय आपोआप सावकाश पडतात. किमतीखाली पिवळी चिठ्ठी लावली की तोच डबा तीच किंमत असून दुप्पट जातो. कामावरून उपाशी येणारी माणसं हाताला येईल ते उचलतात. आणि काही जण वेफर्सची पाकिटं ट्रॉलीत खाली घालून वर पालेभाजीची जुडी पसरतात. कोणासाठी, देव जाणे. समोरून येणारासुद्धा त्याच कामात असतो.

माझ्या दुसऱ्या फळीवर लहान मुलांचे न्याहारीचे डबे होते. त्यांवर अस्वल होतं. ते समोर बघत नाही, किंचित खाली बघतं, बरोबर पोराच्या डोळ्यांत.

"आई, हे माझ्याकडे बघतंय."

"बघू दे. चल पुढं."

"आपण गेलो तर ते रडेल."

"रडलं तर त्याची आई घेईल त्याला."

आई मोठ्या ठसक्यात पुढं गेली. तिसऱ्या फेरीला परत आली आणि डबा उचलून असा आपटला ट्रॉलीत, जसा काही अस्वलानंच हट्ट धरला होता. घरी गेल्यावर तिनं सांगितलं असेल, मी घेतला. सगळेच तसं सांगतात. मला त्यांचा राग येतो आणि मग वाटतं, तो राग मी कोणत्या तोंडानं धरावा.

आता मूळ गोष्टीकडे येतो. इतका वेळ टाळत होतो.

माझ्यावर ओट्सचे पुडे असत. एकाच कंपनीचे दोन प्रकार. दोन्ही हिरवे, दोन्हींवर पान, दोन्हींवर हृदयाचं लाल चित्र. एकावर खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'साधे'. दुसऱ्यावर त्याच कोपऱ्यात, तितक्याच बारीक अक्षरांत 'मधाच्या गोडीचे'. गोड डोळ्यांच्या फळीवर, साधे तळाला.

हे पुडे लावायचं काम एका बाईकडे होतं. बारा वर्षं ती हेच करत होती. सगळे तिला मांडणीवाली म्हणत. काम करताना ती डब्यांशी बोलायची. "तू सरक गं जरा, तुझ्या बापाची नाही जागा," असं. घरी दोन मुली आणि सासू. सासरे साखरेच्या आजारानं गेले होते, आधी डोळे गेले आणि मग ते. हे तिनं शेजारच्या ओळीतल्या बाईला सांगताना मी ऐकलं.

दर गुरुवारी सकाळी म्हाताऱ्या माणसांना दुकानात सवलत असते, दुपारी बारापर्यंत. त्या वेळेला एक आजोबा येऊ लागले. काठी, धुतलेला शर्ट, वरच्या खिशात पेन. एका गुरुवारी त्यांनी डोळ्यांच्या फळीवरचा पुडा उचलला, नाकाजवळ नेला, दूर धरला आणि मांडणीवालीला हाक मारली.

"ताई, हे ओट्सच ना?"

"ओट्सच आहेत, आजोबा."

"साखर झालीय मला. डॉक्टर आणि मुलगी, दोघांनी मिळून ही शिक्षा दिलीय. सकाळी हेच, संध्याकाळी हेच. एकटा माणूस, शिजवायला सोपं आणि दात नसले तरी चालतं."

हातात गोडाचा पुडा होता. मांडणीवालीनं तोंड उघडलं आणि ओळीच्या टोकाला मोजपट्टी उभा दिसला. दोन वर्षांपूर्वी तिनं एका बाईला "हे तेल नका घेऊ" असं सांगितलं होतं, तेव्हा त्यानं तिच्याकडून लिहून घेतलं होतं. आपण मांडायचं, बोलायचं नाही. गिऱ्हाइकाला सल्ला द्यायचा नाही. पुन्हा झालं तर घरी बसायचं.

"दोन प्रकार आहेत, आजोबा. बघून घ्या," एवढंच ती म्हणाली.

"बघतोच आहे की. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. छापायच्या आधी लोकांच्या चुका शोधायच्या. त्यात डोळे गेले. आता मोठी अक्षरं वाचतो आणि बारकी सोडून देतो."

हसले आणि गोडाचा पुडा घेऊन गेले. मांडणीवाली बराच वेळ एकच डबा पुसत राहिली.

त्याच आठवड्यात रविवारी एक बाई आली. पस्तिशी उलटलेली, केस घट्ट बांधलेले, कानाला फोन. माझ्यासमोर उकिडवी बसून तिनं दोन्ही पुडे पालथे करून मागचा मजकूर वाचला.

"बाबा, मी दुकानातच उभी आहे. काल तुमच्या ओट्यावर जो पुडा होता ना, तो गोडाचा आहे. हो, गोडाचा. अहो, तेच तर, डोळ्यांसमोर तेच ठेवलंय मेल्यांनी. नाही, वाचायचं नाही तुम्ही. तुम्हाला दिसत नाही आणि दिसतं म्हणता. एकच लक्षात ठेवा. डोळ्यांसमोरचं घ्यायचं नाही. सगळ्यात खाली, तळाला, हिरवा पुडा. वाकायचं. गुडघ्यांना सांगा, मुलीनं सांगितलंय."

ही त्यांची मुलगी. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती, हे पुढं कळलं. किती नीट समजावलं तिनं, असं मला तेव्हा वाटलं. हुशार मुलगी.

चार दिवसांनी गुरुवार आला. दुकान उघडायच्या आधीच मांडणीवाली माझ्यासमोर आली. इकडं-तिकडं बघितलं. डोळ्यांच्या फळीवरचे गोडाचे पुडे भराभर उतरवून तळाला लावले आणि तळाचे साधे वर आणले.

"आज खालचं वर," ती माझ्या खांबावर हात ठेवून म्हणाली. "कुणाशी बोललं नाही म्हणजे झालं ना? हे तर मांडणंच आहे."

दुपारी दोन वाजता मोजपट्टी प्रत्येक रॅकचा फोटो काढून कंपनीला पाठवायचा, भाड्याची जागा दिली आहे हे दाखवायला. तोवर सगळं पूर्ववत करायचं, असा तिचा हिशेब होता.

आता काय होणार, ते मला तेव्हा कळलं. तिला कळलं नाही आणि त्या मुलीलाही नाही, कारण दोघींनी एकमेकींना कधी पाहिलंच नव्हतं. दोघींचं बोलणं ऐकणारा मी एकटा, आणि मी पत्र्याचा.

आजोबा साडेदहाला आले. डोळ्यांसमोरच्या हिरव्या पुड्याकडे बघून त्यांनी काठी उगारल्यासारखी केली. "ओळखतो मी तुला, लबाडा," असं म्हणाले. मग काठी माझ्या खांबाला टेकवली, एका हातानं माझ्या दुसऱ्या फळीची कड धरली आणि हळूहळू, गुडघे कुरकुरत, खाली गेले. तळाचा पुडा घेतला. वर येताना त्यांचा सगळा भार माझ्या त्या फळीवर आला. ती थोडी वाकली. मला वाटलं, तुटावी, पुडे सांडावेत, कोणीतरी धावत यावं. पण मी भार सोसण्यासाठीच बनवलेला आहे.

गुरुवारी माल उतरवायची गाडी यायची, म्हणून मांडणीवाली त्या वेळेला मागच्या दारात असायची. तिथून तिनं आजोबांच्या पिशवीत हिरवा पुडा पाहिला आणि समाधानानं खोकी उचलू लागली.

असे सात महिने गेले.

एक गंमत सांगतो. गंमत म्हणावी का, ठाऊक नाही. गुरुवारी सकाळी येणारे बाकीचे सगळे म्हातारे डोळ्यांसमोरचं उचलायचे, म्हणजे साधं. त्या सात महिन्यांत कितीतरी जणांच्या पोटात साखर कमी गेली असेल, त्यांना न कळता. मोजपट्टी एकदा विक्रीचा कागद बघत म्हणालाही, "गुरुवारी यांना अक्कल येते वाटतं." सगळ्यांचं भलं झालं. ज्याच्यासाठी हे चाललं होतं, तेवढा एक राहिला.

त्यात आजोबा खूष. एकदा मांडणीवाली जरा लवकर मोकळी झाली, तेव्हा ते तिला भेटले.

"ताई, माझ्या मुलीला कळतं हो. पथ्याचं आहे, पण खायला चांगलं लागतं. गोडसर. मी तर आता सकाळची वाट बघतो."

"वेळेवर भूक लागायला लागली असेल, आजोबा. भुकेला सगळं गोडच."

"तसंही असेल."

ती हसली. ते हसले. त्या वेळी तिनं एकदा पिशवीत डोकावून बघितलं असतं तर, असं मला वाटतं. पण बारा वर्षं तिला दुसऱ्याच्या पिशवीत न बघण्याचाच पगार मिळत होता.

मग एका शनिवारी मुलगी त्यांना घेऊन आली. तिचा चेहरा ताठ होता. शनिवारी माझ्यावर नेहमीची मांडणी, गोड वर, साधे तळाला.

"कुठला पुडा घेता, दाखवा."

आजोबा वाकले, तळाचा पुडा काढून तिला दिला. तिनं वाचला. पुन्हा वाचला.

"बरोबर आहे."

"मग झालं तर."

"काय झालं तर? हे बरोबर आहे, म्हणजे दुसरं काहीतरी चुकतंय. बाबा, साखर दुप्पट आहे तुमची. चोरून काय खाता?"

"काही नाही गं."

"शेजारच्या काकू देतात का काही? बिस्किटं आणता? सांगा, मी रागावणार नाही."

"रागावलीच आहेस."

"मी रोज दीडशे माणसांचे आकडे बघते. आकडा खोटं बोलत नाही, बाबा. माणूस बोलतो."

शेजारून एक माणूस ट्रॉली ढकलत गेला, त्यानं मान वळवून बघितलं. आजोबांनी खिशातलं पेन काढलं, उघडलं, बंद केलं आणि परत ठेवलं. "मी खात नाही," ते इतक्या हळू म्हणाले, की ते मुलीला ऐकू गेलं का, मला शंका आहे.

त्यानंतर ते दोन-तीन गुरुवार आले नाहीत. आले तेव्हा डाव्या पायाच्या अंगठ्याला पट्टी होती आणि चपलेचा पुढचा पट्टा कापलेला. मांडणीवालीनं विचारलं, "काय झालं हो?"

"जखम भरत नाही. माझीच चूक. चोरून गोड खातो ना."

"तुम्ही? खरंच खाता?"

"मला आठवत नाही. पण खात असेन. मुलीला सांगून टाकलं परवा, हो बाई, खातो. तिला जरा बरं वाटलं. किल्ली घेऊन गेली कपाटाची."

"आठवत नाही तर हो कशाला म्हणालात?"

"ताई, चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका काढल्या. मोठमोठ्या विद्वानांच्या. प्रत्येक जण आधी म्हणायचा, मी असं लिहिलंच नाही. आणि कागदावर ते असायचं. लिहिणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही. मग मलाच कशी दिसेल?"

बोलता बोलता ते वाकले. मांडणीवालीला त्याच क्षणी मागच्या दारातून हाक आली. "आले," म्हणत ती वळली. तिनं तीन पावलं टाकली आणि माझ्या फळीवर पुन्हा तो भार आला. मी हे रोज आठवतो. तीन पावलं.

पुढं ते आलेच नाहीत. मांडणीवालीनं मात्र गुरुवारची अदलाबदल सोडली नाही. "येतील," असं म्हणायची.

दोन महिन्यांनी, गुरुवारीच, मुलगी आली. हातात पिशवी, पिशवीत घडी घातलेले रिकामे हिरवे पुडे. ती माझ्यासमोर उभी राहिली, डोळ्यांच्या फळीवरचा पुडा वाचला, बसून तळाचा वाचला. मग शेवटचे पुडे सरळ करत असलेल्या मांडणीवालीला तिनं विचारलं.

"हे तुम्ही लावता?"

"हो."

"शनिवार-रविवार साधं खाली असतं. मी स्वतः पाहिलंय. आज वर कसं?"

कंपनी बदलते, असं म्हणून मांडणीवालीला सुटता आलं असतं. तिनं ओळीच्या दोन्ही टोकांना बघितलं. कोणी नव्हतं.

"एक आजोबा येतात गुरुवारी. म्हणजे यायचे. साखरवाले. डोळ्यांसमोरचं उचलायचे, गोडाचं. बोलायची परवानगी नाही आम्हाला. म्हणून मी गुरुवारपुरतं खालचं वर—"

"खिशाला पेन?"

"तुम्ही ओळखता त्यांना?"

मुलीनं पिशवीतले पुडे माझ्या फळीवर ठेवले, एकावर एक.

"मी त्यांना वाकायला सांगितलं होतं," ती म्हणाली. "डोळ्यांसमोरचं घेऊ नका म्हणून."

मांडणीवाली तिथंच फरशीवर बसली.

"घोट्यापर्यंत पाय काढला त्यांचा," मुलगी म्हणाली. "त्यांना माझ्याकडे आणलंय. घर रिकामं करताना हे सापडले. आणल्या आणल्या ओट्स डब्यात ओततात, पण पुठ्ठा टाकवत नाही, मागं मोठ्या अक्षरांत याद्या लिहायला घडी घालून ठेवतात. एकोणतीस पुडे. सगळे गोडाचे. मी त्यांना खोटारडं म्हटलं. माझ्या घरातल्या कपाटांनाही कुलपं लावली. मुलांना सांगून ठेवलं, आजोबांवर लक्ष ठेवा."

"त्यांना सांगितलंत?"

"तीनदा तोंडापर्यंत आलं."

"मग त्यांना इथं आणा," मांडणीवाली म्हणाली. "मी सांगते. माझ्या हातानं झालंय."

पुढच्या गुरुवारी मुलगी त्यांना चाकांच्या खुर्चीत बसवून घेऊन आली. त्यांचे डोळे आता माझ्या दुसऱ्या फळीच्या पातळीला आले होते. शर्ट धुतलेला होता, पण खिशाला पेन नव्हतं. मांडणीवाली त्यांच्या समोर बसली. ओळीच्या टोकाला मोजपट्टी येऊन थांबला, ते तिनं पाहिलं, आणि या वेळी ती थांबली नाही.

"आजोबा, तुम्ही चोरून काही खाल्लं नाहीत. ते पुडेच गोडाचे होते. मी गुरुवारी खालचं वर करायची, तुमच्यासाठी. आणि तुम्ही वाकून खालचं घ्यायचात. चूक माझी आहे. तुमची नाही."

तिनं सगळं सांगितलं, पुडे हातात घेऊन, दाखवून. आजोबांनी नीट ऐकलं. मान हलवली.

"तुम्ही भल्या आहात," ते म्हणाले. "पण एखाद्या म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून असं काही रचून सांगू नये. माझ्या मुलीनं आकडे बघितलेत."

"बाबा, ती खरं सांगतेय. माझं चुकलं. मी तुमच्यावर—"

"हो का?" ते म्हणाले. "बरं बरं." आणि तिच्या हातावर थोपटलं. रडणाऱ्या मुलाला थोपटतात तसं. तिचं काही ऐकलं आहे, असं त्या थोपटण्यात नव्हतं.

मग त्यांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्यावरच्या डब्यांकडे पाहिलं आणि दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. पंजे उघडे, बोटं पसरलेली, सगळ्यांना दिसतील असे. मुलगी खुर्ची वळवून बाहेर नेईपर्यंत त्यांनी ते तसेच ठेवले होते.

मांडणीवालीला मोजपट्टीनं त्याच दिवशी हिशेब करून घरी पाठवलं. "दुसऱ्यांदा झालं, बाई," एवढंच म्हणाला. आवाज चढवला नाही. तिनं जाताना माझ्याकडे बघितलं नाही. बघावं असं मी तरी तिला काय दिलं होतं?

आता मी दुकानाच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये आहे. ओळीतले सगळे रॅक काढले, नवे आले. त्यांच्या फळ्यांखाली दिवे आहेत म्हणे, फक्त चौथ्या फळीला. माझे खांब वेगळे बांधले आहेत आणि फळ्या वेगळ्या. कोणती डोळ्यांची होती आणि कोणती तळाची, हे आता मलाही ओळखता येत नाही. पोरांची फळी मात्र कळते. ती मधे किंचित वाकलेली आहे.

दोघींनी त्यांच्या भल्याचंच केलं. दोघी माझ्यामार्फत एकमेकींशी बोलत होत्या आणि मी निरोप्या म्हणून कुचकामी निघालो. की याहून वाईट काही होतो? याचा निकाल मला लावता येत नाही. लोखंडाला पश्चात्ताप होतो का, हेही मला ठाऊक नाही. गंज चढतो, एवढं दिसतं.

कोणीतरी मला विकत नेईल, पुन्हा रंग फासेल, कुठंतरी उभा करील. त्याला हात जोडून सांगावं म्हटलं तर मला हात नाहीत, म्हणून हे तुम्हाला सांगतोय. माझ्यासमोर एखादं माणूस पुडा डोळ्यांजवळ नेऊन, लांब धरून, पुन्हा जवळ नेत उभं असेल, तर त्याच्यासाठी परस्पर काही ठरवू नका. त्याच्याजवळ जा आणि ती बारीक अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवा. ते म्हणेल, मला दिसतं. तरी वाचा.